ज्वारीच्या पोत्यांमागचं चाक

आमच्या मोटारसायकलचं मागचं चाक वर्षभर घरात ज्वारीच्या पोत्यांमागे उभं होतं. उरलेली गाडी बाहेर पत्र्याच्या छपराखाली, मधल्या स्टँडवर. तिच्या सीटवर कोंबडी बसायची. बाबा येता-जाता तिकडे बघायचे नाहीत, आणि घरात त्याविषयी कोणी बोलायचं नाही.

गाडी वयानं माझ्यापेक्षा मोठी आहे. बाबा गवंडी आहेत. लग्नानंतर काही वर्षांनी शेजारच्या गावच्या एका गुरुजींकडून त्यांनी ती जुनीच घेतली. दोन सायलेन्सरची, फुगीर टाकीची. किक मारली की आधी खोकते आणि मग एका सुरात बोलायला लागते. थापी, ओळंबा, दोरी पिशवीत घालून बाबा तिच्यावरून औसा तालुक्यातल्या कितीतरी गावांत घरं बांधायला गेले.

मला लातूरच्या कॉलेजात सोडायलाही तीच गाडी होती. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. पुढे बाबा, मधे मी, मागे दोरीनं बांधलेली लोखंडी पेटी. वसतिगृहाच्या फाटकावर वॉचमननं गाडीकडे वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "ही अजून चालती का हो?"

बाबा म्हणाले, "लेक शिकायला निघाली म्हणल्यावर चालंना कशी?"

  पुढे लातूरला एकटं वाटलं की मी ते वाक्य आठवायचे.

आणि दर वर्षी चौदा एप्रिलला, जयंतीच्या मिरवणुकीत, सगळ्यांच्या पुढे ही गाडी असायची. हँडलला निळा झेंडा, बाबांच्या अंगात पांढरा सदरा, आणि माणसाच्या चालीनं चाललेली गाडी. इतक्या हळू, पाय न टेकवता मोटारसायकल चालवणं सोपं नाही. तसं कोणी ठरवून दिलेलं नव्हतं. एके काळी वस्तीत गाडी आमचीच होती म्हणून ती पुढे राहिली, आणि मग तीच रीत पडली.

गेल्या वर्षी पुलाजवळच्या वळणावर मागचा टायर फुटला. मागे डीजेचा ट्रॅक्टर, त्याच्या मागे सगळी माणसं, आणि मधोमध वाट अडवून आमची गाडी. माझा चुलतभाऊ जयंती मंडळाचं सगळं बघतो. तो ट्रॅक्टरवर माईक घेऊन उभा होता. तो म्हणाला, "काका, गाडीला आता पेन्शन द्या! आन् तुमीबी घ्या!"

सगळे हसले. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, तो सगळ्यांशीच असं बोलतो. पोरांनी गाडी उचलून कडेला घेतली आणि मिरवणूक पुढे गेली. बाबा तिथंच गाडीजवळ थांबले. झेंडा तेवढा त्यांनी काढून पोरांकडे दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाक काढलं. टायर बदलायला नेतील असं आईला वाटलं. त्यांनी ते पोत्यांमागे नेऊन उभं केलं. मग कामाला एसटीनं जायचं, नाहीतर कोणाच्या तरी मागे बसून. विहारात जाणंही हळूहळू सुटलं. "घरीच वंदना घेऊ की," म्हणायचे. मी लातूरहून फोनवर चाकाचं विचारलं की एकच उत्तर यायचं, "बघू."

यंदा परीक्षेआधीच्या सुट्टीत मी घरी आले, तर त्याच दिवशी चुलतभाऊ आलेला. चहा घेता घेता त्यानं विचारलं, "काका, मिरवणुकीला येऊन राहिले ना?"

बाबा म्हणाले, "मला त्या दिवशी काम हाय."

जयंतीला आमच्या वस्तीतलं कोणीच कामाला जात नाही. हे त्यालाही माहीत होतं आणि बाबांनाही. तो चहा एका घोटात संपवून उठून गेला. आईनं कप उचलले. मला मात्र भीती वाटली. गाडी बंद पडली ती पडली, पण बाबा असे घरातल्या घरात मागे मागे सरकत राहिले तर एक दिवस त्यांना बाहेर बोलवायलाही कोणी येणार नाही.

मी म्हणाले, "चाक मी बसवते." हे मी फक्त आईला म्हणाले, तेही स्वयंपाकघरात, हळू आवाजात.

आई म्हणाली, "तुला येतंय का?"

"न्हाई."

"मग बसव," आई म्हणाली. "येणाऱ्यानं बसवलं असतं तर कव्हाच बसलं असतं."

लातूरला मी दुकानं फिरून त्या मापाचा टायर शोधला होता, तो येताना घेऊनच आले होते. दुसऱ्या दिवशी चाक आणि टायर घेऊन औशाला निघाले. एसटीत चाक कुठं ठेवावं कळेना. मी ते शेजारच्या सीटवर टेकवलं तर कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्याला सीट पायजे तर ह्याचं तिकीट काढा. न्हाईतर मांडीवर घ्या लेकरावानी." मग मी खरंच ते मांडीवर घेतलं. उतरेपर्यंत माझ्या ओढणीवर गंजाचा गोल उमटला होता.

औशात स्टँडजवळ एका मिस्त्रीचाचांचं गॅरेज आहे. बाबांची त्यांच्याशी फार जुनी ओळख. त्यांच्या घराची एक भिंत बाबांनीच बांधलेली. त्यांनी चाक हातात घेतलं आणि आधी चाकाकडेच बघून बोलले.

"हे तर आपल्या ओळखीचं हाय. बाप कुठं हाय तुझा?"

"घरी."

"बीमार हाय का?"

"न्हाई."

"मंग नाराज हाय." त्यांनी चाक आडवं टाकलं. टायर चढवला, ट्यूब घातली, बेरिंगला ग्रीस भरलं. निघताना मोठा पाना काढून माझ्या पिशवीत घातला. "घरी हाय का न्हाई म्हाईत न्हाई, घेऊन जा. ह्या गाडीचं चाक बसवून मला जमाना झाला. अडलीस तर फोन कर, दोघं मिळून चुकू."

पाना परत द्यायला बाबांनाच पाठव, असंही ते म्हणाले.

या गाडीच्या मागच्या चाकाची एक गंमत आहे. साखळी आणि तिचं दातेरी चक्र गाडीलाच राहतं. चाक तेवढं बाजूला सरकवून निघतं. बसवताना चाकाच्या खाचा त्या चक्रात बरोबर जाव्या लागतात. मग आरपार एक्सल, म्हणजे चाकाचा दांडा घालायचा आणि दोन्हीकडून नट आवळायचे. हे सगळं मी मोबाइलवर एका व्हिडिओत बघितलं. कुठल्या तरी थंड देशातला म्हातारा होता, त्याची भाषा कळत नव्हती, पण हात कळत होते.

आईनं चाक धरलं, मी खाचा जुळवायला लागले.

"आई, तिरकं होऊन राहिलंय."

"मी सरळच धरलंय. तूच तिरकी बसलीस."

शेवटी खट्‌ आवाज करून चाक चक्रात बसलं. आईनं घाबरून हात काढले, मग दोघी हसलो. मी दांडा घातला, चाचांच्या पान्यानं नट आवळला. चाक फिरवून बघितलं तर जागचं हलेना, घट्ट धरून बसलेलं. नट सैल केला तर फिरायला लागलं, पण डावीकडे-उजवीकडे डुलत, लग्नातल्या दमलेल्या माणसासारखं.

मी चाचांना फोन केला. ते म्हणाले, "दोन-तीन वायसर टाक बाजूनं." टाकले. थोडं बरं झालं, तरी डुलतच होतं. मग मी पुन्हा व्हिडिओ बघितला. त्या म्हाताऱ्यानं दांडा सरकवण्याआधी चाक आणि गाडी यांच्या मधे नळीचा एक लहानसा तुकडा ठेवला होता. आधी ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्याकडे तो तुकडा नव्हता. सुटे भाग ठेवलेल्या डब्यात दांडा होता, नट होते, ब्रेकची सळई होती. नळी नव्हती.

"आई, बोटाएवढा, लोखंडी नळीचा तुकडा बघितलास का कुठं? गाडीचा?"

"गाडीचं मी कुठं ठेवीन? समदं त्या डब्यात घातलंय."

मी छपराखालची माती चाळली. पोत्यांमागे बघितलं. कोंबडीच्या खुराड्यातही हात घातला, तिनं चोच मारली. बाबा ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. ते म्हणाले, "सापडंना तर राहू दे की बाई. पेपर जवळ आलेत, चाकाशी काय खेळून राहिलीस?"

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. दमल्यासारखा होता. मी हात धुवायला गेले.

संध्याकाळी आईनं नेहमीप्रमाणे वंदनेची तयारी केली. आमच्या घरात समोरच्या भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात छोटी बुद्धमूर्ती, वर फोटो, आणि मूर्तीच्या दोन्ही बाजूंना दोन मेणबत्त्या. उजवीकडचं स्टँड पितळेचं, आईच्या माहेरचं. डावीकडचं काचेचं होतं, ते गेल्या उन्हाळ्यात फुटलं होतं. आता तिथं एक आखूड, चकचकीत, लोखंडी स्टँड होतं. मी दर सुट्टीत ते बघत आले होते. आई त्यात मेणबत्ती बसवण्याआधी तिचं बूड विळीवर थोडं तासायची, तेही बघत आले होते.

आम्ही तिघं बसलो. त्रिशरण म्हणताना मेणबत्तीवरून माझी नजर खाली आली, आणि शब्द तोंडातच अडकला. आईनं माझ्याकडे बघितलं. मी पुढे म्हणत राहिले, पण माझं लक्ष त्या स्टँडच्या कडेवर होतं. कडेला गोल घासल्याची खूण होती, नट दाबून बसल्यावर पडते तशी.

वंदना संपल्यावर मी म्हणाले, "आई, हे स्टँड कुठनं आणलंस?"

"आणतेय कुठनं? अंगणात पडलं होतं. जड होतं, मेणबत्ती बरोबर बसली." मग तिच्या लक्षात आलं. तिनं पदर तोंडाला लावला. "अगं माय! हे गाडीचं हाय? मी चिंच लावून लावून चमकवलं की त्याला!"

"मी सकाळी विचारलं होतं."

"तू गाडीचं इचारलंस. हे तर मेणबत्तीचं हाय!"

मला हसू आवरेना. आई पण हसायला लागली. मी बाबांकडे बघितलं, त्यांनाही हसू आलं असेल म्हणून. ते हसत नव्हते. ते कोनाड्याकडे बघत होते.

"मला म्हाईत होतं," ते म्हणाले.

आईनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

"पयल्याच दिवशी वळखलं होतं."

"मग सांगितलं का न्हाई?" मी विचारलं.

 ते म्हणाले, "तुझ्या आईनं तिथं ठेवलं होतं. तिथनं उचलावं कसं?" आणि पुढे, "ते तिथं हाय तवर चाक काही बसत न्हाई, असं वाटायचं. बरंच वाटायचं."

आईनं विझत आलेली मेणबत्ती काढून पितळी स्टँडशेजारी, कोनाड्याच्या फरशीवर, मेण सांडून उभी केली. ती लोखंडी नळी तिनं बाबांपुढे धरली. "घ्या. वर्षभर पुण्याचं काम केलंय तिनं. आता जरा कामाला लावा."

बाबांनी नळी घेतली. आत मेण घट्ट बसलेलं होतं. ते त्यांनी नखानं कोरायला सुरुवात केली. नखाला येईना तेव्हा मला म्हणाले, "खिळा आण गं एक." मी खिळा आणला. ते कोरत राहिले, फुंकर मारून आरपार बघत राहिले. मी शेजारी बसून पुस्तक उघडलं, पण वाचलं काहीच नाही.

सकाळी मी उठले तेव्हा ते आधीच छपराखाली होते. मी टाकलेले वायसर काढून त्यांनी एका ओळीत फरशीवर मांडले होते. मला वाटलं आता ते स्वतःच सगळं करतील. पण त्यांनी चाक उचलून माझ्याकडे दिलं. "बसव. मी हाय."

या वेळी चाक लवकर बसलं. मधे नळी ठेवली, दांडा सरकवला. तो नळीतून जाताना थोडा अडला, आतल्या मेणानं, मग गुळगुळीत सरकला. बाबा म्हणाले, "बघ, ग्रीसबी लावायला नको." नट आवळायच्या आधी त्यांनी ब्रेकची आडवी पट्टी लावायला सांगितली. ती राहिली तर ब्रेक दाबला की आतलं सगळं गरकन फिरतं, म्हणाले. ती मी विसरले होते.

मग त्यांनी घरातून कामाची पिशवी आणली. तिच्यातून दोरी काढली, तीच, विटांचा थर सरळ घ्यायला लावतात ती. दोरीचं एक टोक पुढच्या चाकापाशी मला धरायला लावलं आणि दुसरं त्यांनी मागच्या चाकाच्या कडेला ताणून धरलं. गॅरेजमध्ये असं करताना मी कोणाला बघितलेलं नाही. पण बाबा भिंतीला बघतात तसे एक डोळा मिटून गाडीला बघत होते.

"तुझ्याकडं दोरी टायरला टेकून राहिली का?"

"टेकलीय."

"दोन्हीकडं?"

"पुढं टेकलीय. मागं जराशी फट हाय."

"म्हंजी चाक वाकडं. दांड्यापाशी डावीकडचा स्क्रू हाय, तो अर्धा फेरा फिरव. अर्धाच. भिंत सरळ करताना कुणी हातोडा घालतं का?"

मी अर्धा फेरा फिरवला. पुन्हा दोरी. पुन्हा थोडा. एका क्षणी दोरी चारही ठिकाणी टायरला टेकली, आणि बाबांनी मान हलवली. त्यांनी नटावर पाना लावला, मी वरून जोर दिला. मग त्यांनी चाकाला हातानं झटका दिला. ते फिरत राहिलं, न डुलता, आवाज न करता. आई पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी येऊन उभी राहिली. चाक थांबेपर्यंत आम्ही तिघंही बघत होतो.

"किक मारा की," आई म्हणाली.

गाडी वर्षभरात खोकायचंही विसरली होती. प्लग काढून पुसला, पेट्रोल बदललं. बाबा दमले की मी मारायचे, मी दमले की बाबा. ती चालू झाली तेव्हा धुरानं छप्पर भरलं आणि कोंबडी ओरडत रस्त्यापर्यंत गेली. आवाज ऐकून चुलतभाऊ पलीकडच्या गल्लीतून आला. तो काही वेळ गाडीकडे, काही वेळ बाबांकडे बघत राहिला.

"काका, काम हाय म्हणले होते ना त्या दिवशी?"

"हाय की," बाबा म्हणाले. "हीच गाडी चालवायचं."

तो मान खाली घालून हसला. जाताना म्हणाला, "झेंडा माझ्याकडंच हाय. धुवून इस्त्री करून आणतो."

जयंतीच्या दिवशी मी बाबांच्या मागे बसले. झेंडा हँडलला होता, तरी वाऱ्यानं तो माझ्या तोंडावर येत होता. पांढऱ्या साड्यांतल्या बायकांच्या रांगेत आई होती. ट्रॅक्टर मागून ठेका धरून येत होता, आणि आम्ही पुढे, माणसाच्या चालीनं. पुलाजवळचं वळण आलं तसे बाबांचे खांदे आखडलेले मला मागून कळले.

"बघ गं," ते मान न वळवता म्हणाले.

मी वाकून बघितलं. चाक सरळ फिरत होतं. टायरला नव्याचे बारीक रबरी केस अजून होते.

"बरोबर हाय, बाबा."

मागून माईकवर चुलतभावाचा आवाज आला, "काका, ढकलू का?"

बाबांनी या वेळी मान वळवली. "तुझा ट्रॅक्टर बंद पडला तर सांग. दोरी हाय माझ्याकडं, ओढून नेतो!"

लोक हसले. गेल्या वर्षी हसले होते तेच लोक. बाबा पण हसले, आणि त्या हसण्यात गाडी थोडी डगमगली, तरी त्यांनी पाय टेकवला नाही.

चार दिवसांनी मी लातूरला परत निघाले. बाबांनी मला औशापर्यंत गाडीवर सोडलं. आधी चाचांच्या गॅरेजवर गेलो. बाबांनी पाना त्यांच्या हातात दिला, तर चाचा म्हणाले, "आता तरी नाराजी उतरली का?" आणि दोघंही जुन्या स्टुलांवर बसून, मी तिथं नाहीच अशा थाटात, गाडीविषयी बोलायला लागले. उठताना चाचांनी अडगळीतून जुन्या बेरिंगचं एक जाड कडं काढून दिलं. बाबांनी ते मागून घेतलं होतं, आईच्या मेणबत्तीसाठी. चिंचेनं घासलं की चमकेल, असं बाबा म्हणाले.

स्टँडवर बस लागलेली होती. मी पिशवी घेऊन चढले, खिडकीशी बसले. बाबा खाली गाडीवरच बसून होते, हँडल डावी-उजवीकडे फिरवून कान देत. मग खिडकीजवळ येऊन म्हणाले, "पुढचं चाकबी वाजून राहिलंय. बेरिंग गेलं वाटतं."

"मग?"

"मग काय. तुझे पेपर होऊ दे. तू आल्यावर काढू."

बस हलली. मी मागे वळून बघितलं, ते किक मारत होते. पहिल्या किकला नाही, दुसऱ्या किकला चालू झाली.